अडकित्त्यानं कापलेला शेअर

हिंगोलीत शेअरबाजार कधीच नव्हता. माझा ओटा होता. कापसाच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका भुसार दुकानाला लागून, दोघं बसतील आणि तिसरा उभा राहील एवढा. त्यावर सतरंजी, लिहायची पेटी, पाण्याचा माठ आणि मी. निजामाचं राज्य होतं, आमचा तालुका परभणी जिल्ह्यात मोडत होता आणि गिऱ्हाइकं मला ‘दलालसाब’ म्हणत. सासूबाई मात्र शेवटपर्यंत ‘आमचे सट्टेवाले’ म्हणाल्या. कुणी जावयाचा धंदा विचारला की त्या पदर तोंडाला लावायच्या.

आता माझा नातू शेअरचे भाव वर्तमानपत्रात बघतो आणि सकाळच्या चहाला आम्हाला वाचून दाखवतो. त्याच्या लेखी शेअर म्हणजे आकडा. मला शेअर म्हटलं की शिरड शहापूरचे दोन भाऊ आठवतात. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी धंदा थोडा उलगडून सांगावा लागेल, नाहीतर त्या दोघांनी काय घालवलं हे कळायचं नाही.

माझा मुख्य धंदा कापसाच्या दलालीचा. दलाल या शब्दाला आपल्याकडं वास येतो हे मला ठाऊक आहे. पण काम साधं असतं. दोन अनोळखी माणसांना एका भावावर आणायचं. हंगामात गाड्या उतरल्या की शेतकरी आणि खरेदीदार समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल पडायचा आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. वायद्याचे सौदेही चालत. माल पुढं कधीतरी द्यायचा, भाव आजच बोलायचा. कापसाचं बोंडसुद्धा न बघता, नुसत्या भावातल्या फरकावर खेळून बुडालेली घरं मी पाहिली आहेत. सासूबाईंचा राग त्या खेळावर होता आणि तो रास्त होता. शेअर ही वेगळी गोष्ट आहे, हे मी त्यांना कितीदा तरी समजावलं. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा सट्टेवालेच म्हणायच्या.

एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांत गावात एक जिनिंग-प्रेसिंगची कंपनी निघाली. जिनात कापसातली सरकी वेगळी करायची आणि प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या, हे तिचं काम. त्याला यंत्रं लागतात, इमारत लागते आणि एवढा पैसा एका माणसाच्या पेटीत नसतो. मग लागणाऱ्या भांडवलाचे लहान लहान भाग पाडायचे आणि ते लोकांना विकायचे. तो एक भाग म्हणजे शेअर. घेणारा भागधारक झाला, म्हणजे अनेक मालकांपैकी एक मालक. वर्षाअखेर नफा उरला तर भागागणिक वाटून मिळतो, त्याला लाभांश म्हणायचं. नफा नाही उरला तर हात हलवत घरी जायचं. भाग विकायचं काम माझ्याकडं आलं आणि मी गावोगाव फिरलो.

जवळा बाजारच्या एका पाटलांनी पाच भाग घेतले. पहिल्याच हंगामात ते कापसाच्या गाड्या घेऊन थेट कंपनीच्या फाटकातून आत घुसले. रांगेत थांबायला तयार नाहीत. मॅनेजरनं मला बोलावणं धाडलं.

“दलालसाब, मी मालक हाय का न्हाई?” पाटलांनी मला बघताच विचारलं.

“आहात की.”

“मंग माझा जिन दाखवा. यातला माझा कोनता?”

मी म्हणालो, “पाटील, तुमच्या गावची चावडी कुणाची?”

“गावाची.”

“म्हणजे तुमचीही?”

“व्हय.”

“मग तिची एक वीट काढून घरी न्या बरं.”

पाटील मिशीत हसले, पण लगेच त्यांना दुसरी शंका आली. “आन् हे कारखानं बुडालं तर? घेणेकरी माझ्या दावणीचे बैल सोडून नेतीन का?”

तसं होत नाही, मी सांगितलं. कंपनीच्या नावापुढं ‘लिमिटेड’ लिहितात ते त्याचसाठी. भागासाठी घातला तेवढा पैसा जाईल, त्यापुढं तुमच्या घरादाराला कुणी हात लावणार नाही.

“म्हंजे बैल सुटले,” पाटील म्हणाले आणि गाड्या मागं वळवून गुमान रांगेत उभे राहिले. पुढं ते त्या कंपनीला कायम ‘बैल सुटलेली कंपनी’ म्हणत. मर्यादित जबाबदारी हा शब्द मला नंतर जेव्हा जेव्हा समजावून सांगावा लागला तेव्हा मी पाटलांचे बैलच पुढं केले.

किमतीचं समजावणं याहून अवघड. शेअरच्या दाखल्यावर एक किंमत छापलेली असते, तिला दर्शनी किंमत म्हणतात. लोक ती ब्रह्मवाक्य धरायचे. बैलाच्या शिंगावर किंमत लिहिलेली नसते म्हणून बैल घेताना माणूस दात बघतो, पाय बघतो, घासाघीस करतो. कागदावर किंमत लिहिलेली दिसली की त्याची अक्कल तिथंच थांबते. खरा भाव म्हणजे समोरचा माणूस देईल तो. आणि कंपनीकडं जाऊन ‘हा घ्या कागद, द्या माझे पैसे’ असं म्हणता येत नाही, कारण पैसा केव्हाच यंत्रात गेलेला असतो. तुम्हाला बाहेर पडायचं तर तुमच्या जागी येणारा दुसरा शोधायचा. मुंबईला त्या शोधाशोधीसाठी मोठी इमारत होती. तिथले भाव छापलेलं वर्तमानपत्र आगगाडीनं आमच्याकडं शिळं होऊन यायचं. त्यातले भाव इंग्रजी कलदार रुपयांत, आमचा व्यवहार निजामाच्या हाली सिक्क्यात, आणि मध्ये नाणं बदलायचा बट्टा. आमच्या कंपनीचं नाव त्यात कधी नसायचंच. तिचा भाव माझ्या ओट्यावर ठरायचा.

ओट्यावर हमखास भाग विकत घेणारा माणूस म्हणजे हकीमसाहेब. गावात त्यांचा दवाखाना होता. पांढरी दाढी, हातात कायम कुठल्या तरी काढ्याचा वास. कंपनीनं एकदा कर्जरोखे काढले. कर्जरोखा घेणारा हा मालक नसतो, तो कंपनीला उसने देतो, आणि कंपनीला नफा होवो वा तोटा, त्याला ठरलेलं व्याज द्यावंच लागतं. जोखीम कमी. मी ते हकीमसाहेबांना सुचवले, तर त्यांनी दोन्ही हात वर केले. “नक्को भाई. सूद नक्को. नफा हुआ तो नफा, नुकसान हुआ तो नुकसान, वो हमना मंजूर.” शेअर आणि कर्जरोखा यांतला फरक याहून थोडक्यात मला कुणी सांगितलेला नाही. उठताना ते नेहमी म्हणायचे, “कोई हिस्सा बेचे तो हमना बोलो.”

तर आता शिरडचे ग्यानोजी. घरची चांगली जमीन, बारमाही विहीर, बायको लवकर गेलेली, दोन मुलगे. थोरला मारोती, धाकटा किसन. दोघांच्या वयात बरंच अंतर होतं. ग्यानोजींनी कंपनी निघाली तेव्हाच दहा भाग घेतले. दहाही भागांचा मिळून एकच दाखला होता, जाड कागदाचा, वर कंपनीचं नाव आणि ग्यानोजींचं नाव, खाली मोहर आणि सह्या. लाभांश घ्यायला ते स्वतः हिंगोलीला यायचे आणि परतताना माझ्या ओट्यावर टेकायचे. “न पेरता पिकनारं वावर हाय हे,” म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ते वारले.

बाप गेल्यावर भावांचं बिनसलं. निमित्त विहिरीचं. धाकट्याच्या वाट्याच्या वेळी थोरल्याची मोट चालू राहिली, त्यावरून बायका बोलल्या, बायकांवरून पुरुष बोलले. शेवटी पंच बसले. आमच्या भागात वाटणीचा रिवाज फार कडक होता. वाटता येईल ते मोजून वाटायचं, आणि एकच असेल त्याचे तुकडे करायचे, म्हणजे याला जास्त गेलं, त्याला कमी गेलं, हे पुढं कुणी काढायला नको. विहिरीचं पाणी पाळीनं वाटलं. बापाची घोंगडी मधोमध फाडली. मग पत्र्याच्या डबीतून तो दाखला निघाला. पटवाऱ्यानं ‘दहा भाग’ असं वाचून दाखवलं. दहाचे पाच-पाच, यात कुणाला काय शंका येणार? एका पंचानं कमरेचा अडकित्ता काढला आणि घडी घालून तो कागद घडीवर कापला.

मारोती थोरला म्हणून वरचा तुकडा त्याचा. किसनला खालचा. बापाचं नाव आपल्याकडं आलं म्हणून मारोतीला आपलाच कागद खरा वाटायचा, आणि शिक्का आपल्याकडं आला म्हणून किसनला आपला.

मला हे कळलं ते सत्तेचाळीस सालच्या थंडीत, किसन आपला तुकडा घेऊन ओट्यावर आला तेव्हा. दिवस वाईट होते. इंग्रज गेले होते, पण आमच्याकडं निजामाचं राज्य तसंच होतं आणि खेड्यांवर रझाकारांची दहशत बसू लागली होती. लोक रातोरात पैनगंगा ओलांडून पलीकडं, वऱ्हाडात जात होते. किसनची सासुरवाडी पलीकडंच. बायको गंगू आणि दोन लेकरं घेऊन तिथं जायचं, सासऱ्याच्या ओळखीनं कुणाचं तरी रान बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्यासाठी हातात थोडा पैसा हवा होता. नाहीतर निर्वासितांच्या छावणीत जाऊन पडायची वेळ येणार होती.

“दलालसाब, माझे पाच भाग इकून टाका,” तो म्हणाला.

मी तुकडा हातात घेतला आणि मला आधी हसूच आलं. “अरे, हा तर अर्धा कागद आहे.”

“बराबर. अर्धा माझा, अर्धा त्याचा. पंचानं केलं.”

भावाचं नाव त्यानं घेतलं नाही. मी त्याला समजावत बसलो. दाखला म्हणजे शेअर नव्हे, दाखला ही नुसती खूण. शेअर खरा असतो कंपनीच्या नोंदीत, आणि तिथं अजून ग्यानोजींचंच नाव आहे. बाप गेल्यावरचा लाभांशही कंपनीनं तसाच बाजूला ठेवलाय. आता दोघा वारसांनी मिळून एक अर्ज करायचा, दोन्ही तुकडे जमा करायचे, की कंपनी जुना दाखला रद्द करून दोन नवे देईल, एकावर तुझे पाच, एकावर मारोतीचे पाच. मग तुझे तू खुशाल वीक.

“म्हंजे त्याला इचारावं लागंल?”

“लागेल.”

“मंग ऱ्हाऊ द्या.” पण तो उठला नाही. सतरंजीचा दोरा उपसत बसला. मग म्हणाला, “वाटनीच्या दिशी साऱ्या गावासमोर त्यो म्हनला, हा आजपून आमचा न्हाई. माय गेली तव्हा मी एवढूसा व्हतो. त्याच्याच पाठीमागं हिंडलो. अन् त्यो असं म्हनला. त्यानं त्ये माघारी घ्यावं, मी आत्ता जातो त्याच्या दारात.”

हकीमसाहेबांना विचारलं. ते घ्यायला एका पायावर तयार होते, भावही चांगला देत होते. “दोनों भाई मिल के आ जाव. पैसा तयार है.” विकणारा होता, घेणारा होता. धंद्यात यापुढं फार थोडं काम उरतं.

म्हणून मीच शिरडला गेलो, अर्धा रस्ता आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं. मारोतीनं चांगलं स्वागत केलं. त्याच्या बायकोनं गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. जेवण होईपर्यंत मारोती कागदाबद्दल एक अक्षर बोलला नाही. हात धुतल्यावर म्हणाला, “त्याला म्या कडेवर घेऊन मोठं केलं, दलालसाब. त्यानं एकडाव दारात येऊन दादा म्हनावं. कागदाचं काय घेऊन बसले, वावर देतो त्याला.”

“मग हे त्याला सांगा ना. तो जायला निघालाय.”

“मी काहून सांगू? लहान त्यो हाय.”

“तुम्ही त्याला ‘आमचा नाहीस’ म्हणालात, असं तो म्हणतो.”

मारोतीनं ओला हात धोतराला पुसला. “रागात म्हनलं व्हतं. घरच्या मानसाला रागात बोलल्यालं बी काय धरून बसायचं असतंय?”

एवढंच त्याला किसनसमोर म्हणायला लावायचं, असं ठरवून मी परतलो. बाजाराच्या दिवशी दोघांनाही निरोप धाडला, एकाला दुसऱ्याचं न सांगता. किसन आधी आला. मारोती आला आणि त्याला बघून पायरीवरच थबकला. मी हाताला धरून त्याला वर घेतलं. दोघं सतरंजीच्या दोन टोकांना बसले, मध्ये मी. मी म्हटलं, तुकडे काढा. दोघांनी मुंडाशातून, बंडीतून आपापला तुकडा काढून ठेवला. मी ते जवळ सरकवले. कापल्याची रेघ रेघेला बरोबर बसली. वर बापाचं नाव, खाली शिक्का. दोघंही वाकून बघत होते आणि मला वाटलं, झालं, जमलं.

मी अर्ज पुढं केला, शाईची गादी उघडली आणि मारोतीला म्हणालो, “हं, लावा अंगठा.” मारोतीनं अंगठा शाईवर टेकवला.

“पयला त्याचा काहून?” किसन म्हणाला.

“थोरले आहेत म्हणून. कंपनीला त्यानं काही फरक पडत नाही.”

“पडत न्हाई तर पयला माझा घ्या. वाटनी झाली तव्हाच थोरलेपन सपलं. पयला त्याचा लागला की म्हनंल, कागद माझा, ह्याला म्या दिला.”

मारोतीचा हात हवेतच राहिला. “बापाच्या कागदावर धाकट्याचा अंगठा वर? मी मेलो काय?”

“तुमी तर मलाच मेल्यात धरलं. साऱ्या गावासमोर.”

इथं मारोतीनं एक वाक्य बोलायला हवं होतं. जे शिरडला माझ्यासमोर बोलला तेच. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याचे ओठ हलल्यासारखे झाले, पण रस्त्यावरची चार माणसं भांडण ऐकून थांबली होती आणि त्या चार माणसांनी त्याचं तोंड बांधलं. मी घाईघाईनं म्हणालो, दोघांचे दोन वेगळे अर्ज करू, कुणी वर नको, कुणी खाली नको. दुसरा कागद काढून दौतीत टाक बुडवतो तोवर दोघांनी आपापला तुकडा उचलला होता. मारोतीनं अंगठ्याची शाई माझ्या ओट्याच्या खांबाला पुसली आणि तो स्टेशनाच्या वाटेनं गेला. किसन वेशीकडं गेला.

मी एका पैशावरून मोडलेले सौदे पाहिले आहेत, तोलातल्या फरकावरून मोडलेले पाहिले आहेत. अंगठा कुणाचा आधी, यावरून मोडलेला हा एकच. मला त्या दोघांचा इतका संताप आला की हकीमसाहेबांना सांगायलाही मी दुसऱ्या दिवशी गेलो. ते म्हणाले, “सबर करो. भाई हैं, आ जाते.”

ते आले नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत किसन बायकामुलांना घेऊन रिकाम्या हातानं पैनगंगा उतरला. पुढचं वर्ष कसं गेलं ते आमच्या वयाच्या माणसांना सांगायला नको. गाड्या बेभरवशाच्या, बाजार ओस, जिन बंद. गावात कापूस आला तर विचारणारा नाही. शेअरचं नाव कुणी काढत नव्हतं. त्या वर्षी मला कळलं की बाजार ही इमारत नसते, ओटाही नसतो. उद्या आजच्यासारखाच येईल असा चार माणसांचा भरवसा म्हणजे बाजार. तो गेला की छापलेली किंमत जागच्या जागी राहते आणि कागद रद्दी होतो.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. आम्ही आनंदानं रस्त्यावर आलो हे खरं. पण त्याच दिवसांत कित्येक मुसलमान घरांवर अवकळा आली, ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं अशाही. हकीमसाहेब एका सकाळी ओट्यावर आले. ते मुलाबाळांना घेऊन हैदराबादेला नातलगांकडं निघाले होते. आपले सगळे भाग त्यांनी रुमालात बांधून आणले होते. “जो भाव मिले, दे दो.” मी गावभर फिरलो. इतकी वर्षं जो माणूस विकणाऱ्याला कधी ‘नाही’ म्हणाला नाही, त्याच्यासाठी मला एक घेणारा सापडला नाही. संध्याकाळी रुमाल परत करताना माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुमारा क्या कसूर? नफा-नुकसान बोल के ही लिये थे.” ते गेले आणि पुन्हा हिंगोलीला आले नाहीत.

दिवाळीच्या आसपास मारोती आला. त्याच्यामागं डोईवरचा पदर पुढं ओढलेली एक बाई होती, कडेवर एक लेकरू, बोटाला एक. बाईचं कपाळ मोकळं होतं. मी काय ते समजलो.

किसन सासुरवाडीला पोचला होता, पण बटईला रान मिळालं नाही. स्वतःचे बैल नसलेल्या माणसाला रान कोण देणार? मग छावणीत राहिले. उन्हाळ्यात तिथं पटकीची साथ आली. सकाळी आडवा झाला आणि दिवस मावळायच्या आत गेला. मारोतीला हे कळलं ते रस्ते उघडल्यावर. कळलं त्याच पावली तो नदीपलीकडं गेला आणि भावजय-पुतण्यांना घरी घेऊन आला.

मारोतीनं बंडीच्या खिशातून कागद काढून माझ्यापुढं ठेवला. दोन्ही तुकडे एकमेकांना शिवलेले होते, पांढऱ्या दोऱ्यानं, गोधडीला घालतात तसे बारीक टाके. गंगूबाईंनी शिवले होते. असा शिवलेला दाखला कंपनी घेईल का, असं मारोतीनं विचारलं. घेईल, मी म्हणालो.

गंगूबाई पायरीवर बसल्या होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, “बाजारच्या दिशी ह्ये घरी आले त्ये दिवस मावळल्यावर. हितल्या वेशीपाशी बसून राह्यले व्हते म्हनं. दादा मागून हाक मारन, असं वाटत व्हतं त्यास्नी.”

मारोतीनं हे आधी ऐकलेलं असावं. त्यानं कागदाचे टाके अंगठ्यानं सपाट केले. मी पेटीतून अर्ज काढला. तसा तो म्हणाला, “दलालसाब, वावराच्या पट्ट्यावर दोन भावायची नावं राह्यत्यात. या कागदावर चालत्यात का न्हाई?”

“चालतात. संयुक्त नावं म्हणतात त्याला. एकच दाखला, नावं दोघांची.”

“मंग तसंच करा. दोन कागद नगंत. एकच. पयलं नाव किसनचं, खाली माझं.”

असा अवघड सवाल मला धंद्यात कधी कुणी टाकला नव्हता. “मारोतीराव,” मी म्हणालो, “गेलेल्या माणसाचं नाव नव्या दाखल्यावर चढत नाही. किसनच्या पाच भागांवर आता गंगूबाईंचं आणि पोरांचं नाव लागेल. भाग कुठं जात नाहीत.”

“भागाचं न्हाई इचारलं म्या.”

लेकरू रडायला लागलं, गंगूबाईंनी त्याला पदराआड घेतलं. मारोती त्या शिवलेल्या कागदाकडं बघत होता.

“आन् त्या दिशी? त्यो हितं बसला व्हता, तव्हा चढलं असतं?”

“चढलं असतं.”

“दोघायचं? एका कागदावर?”

“हो.”

“किती येळ लागला असता?”

मला काहीतरी सांगता आलं असतं. कंपनीच्या चालकांची बैठक, त्यांची मंजुरी, महिना-दोन महिने, असं बरंच. ते अगदीच खोटंही झालं नसतं. पण तो ओट्यावरच्या वेळेचं विचारत होता.

“घटकाभर,” मी म्हणालो.

मारोतीनं डोक्याचं मुंडासं काढून तोंडावर दाबलं आणि तो भरल्या बाजारात ‘किसन, किसन’ म्हणत रडायला लागला. रस्त्यावरची माणसं थांबली. या वेळी त्याला त्यांची लाज वाटली नाही.